ज्यूंचं कौतुक करताना काठी कुणाच्या पाठीवर पडते?

खाडीकाठ:
परवापासून एक मजकूर फिरतोय. चार नातेवाइकांनी पाठवला तोवर गप्प होतो, पाचव्याने पाठवल्यावर राहवलं नाही. मजकूर थोडक्यात असा: दोन हजार वर्षं ज्यू आपल्या कोकणात राहिले, कधी भांडले नाहीत, कधी काही मागितलं नाही, मराठी झाले, लुगडी नेसले, सैन्यात लढले. आपणही त्यांना कधी त्रास दिला नाही. अल्पसंख्याक असावेत तर असे. मग बाकीच्यांना काय होतं? बाकीचे म्हणजे कोण ते लिहिलेलं नाही. लिहायची गरजच नाही.

मी अलिबागचा. इस्रायल आळी आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. शनिवारी सकाळी आळीतल्या एक आजी मला हाक मारायच्या, ‘बाळा, जरा स्टोव्ह पेटवून दे रे.’ त्या दिवशी त्या विस्तवाला हात लावत नाहीत, एवढंच मला ठाऊक. मलिदा झाला की गोड पोहे, खोबरं आणि फळं घातलेलं ताट घरी यायचं. मी आठवीत असताना त्या मुलाकडे अश्दोदला गेल्या. घराला कुलूप लागलं, पुढे घर विकलं गेलं, आज तिथे गाड्या उभ्या असतात. आपण त्यांना सांभाळलं असं कुणी म्हटलं की मला ते कुलूप आठवतं. त्यांना कुणी हाकललं नाही हे खरं. पण थांबा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आता मुद्दा. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायली, म्हणजे हेच कोकणातले ज्यू, वीस हजारांच्या आसपास होते. 2001 च्या जनगणनेत अख्ख्या देशात ज्यू साडेचार हजारांहून थोडे जास्त. आणि महाराष्ट्रातले मुसलमान 2011 ला एक कोटी तीस लाखांच्या घरात, साडेअकरा टक्के. साडेचार हजार माणसांवर प्रेम करायला असं काय लागतं? त्यांच्याशी जमिनीचा वाद नाही, नोकरीत चढाओढ नाही, मतांचं गणित नाही. रोज ज्याच्याशी नळावर भांडण होतं त्याच्याशी आपण कसे वागतो, त्यावरून आपली पारख व्हावी. निघून गेलेल्या माणसाचं कौतुक करायला दमडी लागत नाही.

आणि ‘काही मागितलं नाही’ हेही खोटं. अल्पसंख्याक दर्जा त्यांनी मागितला होता, महाराष्ट्र सरकारने तो 2016 मध्ये दिला. मागितला त्यात काहीच गैर नाही. पण यांनी मागितला की हक्क आणि त्यांनी मागितला की लांगूलचालन, हे मला पटत नाही.

सडेतोड:
मजकूर मी लिहिलेला नाही, पण मी पुढे पाठवला आणि पुन्हा पाठवीन. त्यात चुकीचं काय आहे ते तुम्ही सांगितलंच नाही. संख्या कमी होती म्हणून भांडण झालं नाही म्हणता? युरोपात कित्येक देशांत ज्यू मूठभर होते. तिथे त्यांना कोंडलं, हाकललं, मारलं. इथे नाही मारलं. याचं श्रेय या मातीला द्यायला तुमची जीभ का अडखळते?

दुसरं. मुंबईवर 26 नोव्हेंबर 2008 ला हल्ला झाला तेव्हा नरिमन हाउस शोधून काढून आत शिरले कोण? छाबड या ज्यू धर्मसंस्थेचं ते घर कुलाब्याच्या गल्लीत होतं, शेजाऱ्यांनाही नीट माहीत नव्हतं. ज्यू म्हणून माणसं वेचून मारली गेली. तो हात हिंदूंचा नव्हता.

तिसरं वैयक्तिक आहे, सहसा सांगत नाही. 12 मार्च 1993. माझा मामा शेअर बाजाराच्या समोरच्या इमारतीत कारकून होता. त्या दिवशीच्या बॉम्बस्फोटांत मुंबईत 257 माणसं गेली. मामा वाचला, पण उजव्या कानाने कायमचा गेला. आम्ही लहान होतो, त्याच्या डाव्या बाजूला बसायचं अशी घरात शिस्त होती. मी कुणाचा द्वेष करत नाही. पण मनात काही बसतं, ते पुस्तकातून आलेलं नसतं.

सावित्रीकाठ:
सडेतोड, तुमच्या मामांचं वाचून वाईट वाटलं. अगदी मनापासून. पण मग माझंही ऐका. माझं घर महाडजवळ, आम्ही कोकणी मुसलमान. 1993 चा मार्च तुम्ही सांगितला, त्याच्या आधीचे दंगलींचे डिसेंबर आणि जानेवारी तुम्ही गाळले. माझी फुफी, म्हणजे आत्या, जोगेश्वरीला राहायची. जानेवारीत नेसत्या कपड्यांनिशी मुंब्र्याला आली, ती आजही मुंब्र्यातच आहे. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात 900 मृत्यू आहेत, त्यातले 575 मुसलमान आणि 275 हिंदू. मी फुफीकडे बघून सगळ्या हिंदूंविषयी मत बनवू का? बनवलं नाही, कारण फुफीला मुंब्र्यापर्यंत पोचवणारा टेम्पोवाला हिंदू होता, आणि ती आजपर्यंत त्याचं नाव घेते.

नरिमन हाउसचं म्हणाल तर पुढचं अर्धंही सांगा. त्या नऊ मेलेल्या हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमानांनीच नकार दिला. आमच्यात मयताला माती नाकारणं ही केवढी मोठी गोष्ट आहे हे तुम्हाला सांगून कळणार नाही. ती प्रेतं वर्षभर शवागारात पडून होती, मग सरकारने गुपचूप कुठेतरी पुरली.

सडेतोड:
ते मान्य. तेव्हा मीही कौतुक केलं होतं. पण एक नकार दिला म्हणून सगळं धुऊन निघत नाही. तुमच्याच चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई. 1966 मध्ये सात मुस्लिम बायकांना घेऊन त्यांनी विधिमंडळावर मोर्चा नेला, 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांच्या सभांना कोण अडवत होतं? त्यांना काफर कोण म्हणालं?

सावित्रीकाठ:
आम्हीच म्हणालो. माझ्या आजोबांनी म्हटलं होतं, मी स्वतः ऐकलंय. दलवाई आमच्याशी भांडले कारण त्यांना आम्ही हवे होतो. तुम्ही त्यांचं नाव घेता ते आमचं तोंड बंद करायला. त्यांनी हिंदू जातीयवादाविरुद्धही लिहिलं, तेवढी पानं कुणी उघडत नाही.

मोजपट्टी:
मामा आणि फुफी दोघांचा मान ठेवून थोडे आकडे. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने 2019-20 मध्ये भारतात जवळपास 30 हजार लोकांना घरी जाऊन विचारलं. मुसलमान शेजारी चालणार नाही असं 36 टक्के हिंदूंनी सांगितलं. हिंदू शेजारी चालणार नाही असं 16 टक्के मुसलमानांनी सांगितलं. जैनांमध्ये मुसलमान शेजारी नको म्हणणारे निम्म्याहून जास्त. म्हणजे नकार दोन्हीकडून आहे, पण सारखा नाही. आणि नकार देणारा गट मोठा असला, इमारतींच्या कमिट्या त्याच्या हातात असल्या, तर त्या टक्क्यांचं वजन वेगळं होतं.

सडेतोड:
36 टक्के नको म्हणाले म्हणजे उरलेल्यांनी तसं म्हटलं नाही, हे कुणी बोलत नाही.

मोजपट्टी:
मी आकडा दिला, अर्थ तुम्ही लावा. पण घर शोधणाऱ्याला सगळ्यांच्या सरासरीशी काही देणंघेणं नसतं. एक अध्यक्ष नाही म्हणाला की घर गेलं.

शनवार:
बराच वेळ वाचते आहे. तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्यातली मी एक. ठाण्यात राहते, मूळ गाव रेवदंड्याच्या अलीकडे, आडनाव ‘कर’ लावून. आम्हाला शनवार तेली म्हणायचे, कारण घाणा चालवायचो आणि शनिवारी घाणा बंद. हे नाव आज सगळ्यांना गोड वाटतं. माझ्या पणजीला ते गोड वाटत नव्हतं. तेल्याच्या हातचं पाणी गावात सगळीकडे चालत नसे. ‘कधीच त्रास दिला नाही’ याचा अर्थ आम्हाला कुणी ज्यू म्हणून मारलं नाही. बाकी जे गावाच्या उतरंडीत सगळ्यांना होतं ते आम्हालाही होतंच. आणि खरं सांगायचं तर आम्हीही ती उतरंड शिकलो. आमच्यात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल होते, एकमेकांत लग्नं होत नसत, भांडीसुद्धा वेगळी. तेव्हा आम्हाला आदर्श करून भिंतीवर टांगू नका.

आता घराचं निघालं म्हणून सांगते. लग्नानंतर आम्ही भाड्याने घर शोधत होतो. मालकाशी फोनवर ठरलं, चावी द्यायला बोलावलं. कागद बघताना त्यांची नजर माझ्या वडिलांच्या नावावर थांबली. याकूब. ते म्हणाले, ‘अहो, काल संध्याकाळीच एकाला शब्द दिलाय, विसरलोच बघा.’ माझा नवरा उठला. मी बसून राहिले आणि म्हटलं, ‘आम्ही इस्रायल आहोत, ज्यू.’ त्यांचा चेहरा क्षणात उजळला. ‘अरे वा! मग आधी नाही का सांगायचं? मोसादवाले तुम्ही!’ चहा आला, भाडं पाचशेने कमी झालं.

त्या घरात आम्ही सहा वर्षं राहिलो, माणूस वागायला चांगला होता. पण याकूब नाव तेच, कागद तोच, बाई तीच. घरी आल्यावर मला स्वतःची लाज वाटली, कारण तो ‘अरे वा’ म्हणाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला होता. माझ्या जागी खरोखर मुसलमान याकूबची मुलगी असती तर तिच्याकडे सांगायला दुसरं काय होतं?

आणि जानेवारी 1993 मध्ये आम्ही आग्रीपाड्याला होतो, मशिदीच्या मागच्या गल्लीत. माझे वडील अकरा दिवस घराबाहेर पडले नाहीत. सुंता आमचीही असते. रस्त्यावर पँट उतरवून बघणाऱ्याला कोण समजावत बसणार की ही आठव्या दिवशीची आहे?

सावित्रीकाठ:
ताई, माझ्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतं. पुण्यात तीन महिने घर शोधत होतो. दलाल फोनवर आधी ‘व्हेज का नॉनव्हेज’ विचारायचा, मग ‘पूर्ण नाव काय म्हणालात’ विचारायचा. एका ठिकाणी अनामत रक्कम देऊन झाली होती, ती दुसऱ्या दिवशी परत आली, कारण ‘कमिटीचा ठराव’. ठरावाची प्रत मागितली, ती मिळाली नाही. शेवटी कंपनीने माझ्या हिंदू सहकाऱ्याच्या नावावर करार केला आणि मी त्याच्याबरोबर पाहुणा म्हणून राहिलो. पगार माझा त्याच्यापेक्षा जास्त होता.

सडेतोड:
शनवारताई, तुमच्या याकूबच्या प्रसंगाला माझ्याकडे उत्तर नाही. तो मालक चुकलाच.

पण एक विनंती. तुम्ही आत्ता ‘मशिदीच्या मागच्या गल्लीत’ लिहिलंत. तुम्हाला सिनेगॉग म्हणायचं असेल तर सिनेगॉग लिहा, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

शनवार:
मशीदच म्हणायचं आहे, आणि आमचीच. माझी आजी आयुष्यात कधी सिनेगॉग म्हणाली नाही. ‘मशिदीत जाऊन येते’ म्हणायची. आमच्या उपासाला रोजा म्हणतात. गावागावांतले तंटे सोडवणारे आणि लग्नं लावणारे आमचे काजी असत, राजपूरकर, शापूरकर, झिराड या घराण्यांतले. मांडवीच्या आमच्या सगळ्यात जुन्या प्रार्थनाघराला, शार हारहमीमला, लोक जुनी मशीद म्हणतात. सामाजी हसाजी दिवेकरांनी ती 1796 मध्ये बांधली.

जुनेकागद:
आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्या जुन्या मशिदीवरूनच पडलं. मुसलमानांच्या मशिदीशी त्याचा संबंध नाही. शेजारच्या रस्त्याचं नाव सॅम्युअल स्ट्रीट, म्हणजे हेच सामाजी. गल्ली इस्रायल मोहल्ला. आणखी काय हवं? लाखो माणसं रोज त्या स्टेशनवर उतरतात आणि नाव भलत्याच्या खाती जमा करतात.

पेठेतला:
हे सगळीकडे छापतात, पण छापलं म्हणून सिद्ध होत नाही. त्याच भागात झकेरिया मशीद आहे, थोडं पुढे जामा मशीद आहे. मुंबईच्या माणसाने मशीद म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येणार?

जुनेकागद:
जामा मशीद 1802 मध्ये पूर्ण झाली. शार हारहमीम 1796 ची. आधी कोण?

पेठेतला:
आणि रेल्वे 1853 ची! रेल्वे आली तेव्हा दोन्ही उभ्या होत्या. स्टेशनचं नाव ठेवणाऱ्या साहेबाने बांधकामाची साल बघून नाव ठेवलं नसेल. सहा वर्षं आधी बांधली म्हणून नाव तिचं, हा कुठला न्याय?

जुनेकागद:
वस्तीतल्या लोकांच्या तोंडी जे नाव असतं ते साहेब उचलतो. आणि जुनी मशीद हे नाव तोंडी होतं याची साक्ष वर ताईंनी दिलीच आहे.

पेठेतला:
त्यांच्या घरात तोंडी होतं. सगळ्या मांडवीच्या तोंडी होतं का? बंदरावरच्या हमालाच्या, भाटियाच्या, खोजाच्या?

सडेतोड:
मला जुनेकागद यांचं पटतं. ज्यूंची खूण होती ती, दुसऱ्यांच्या नावावर गेली.

खाडीकाठ:
सडेतोड, दोन तासांपूर्वी तुम्ही ताईंना मशीद हा शब्द वापरू नका म्हणत होतात. आता तोच शब्द ज्यूंचा म्हणून स्टेशन त्यांना देताय. नक्की काय हवंय तुम्हाला? त्या स्टेशनवर मुसलमान नसले म्हणजे झालं, असंच ना?

सडेतोड:
तोंड सांभाळून बोला. मी तुमच्या घरचं खात नाही. काल-परवा इथे आलेल्यांनी माझ्या मनात काय आहे ते मला सांगू नये.

खाडीकाठ:
मनातलं नाही, तुम्ही लिहिलेलं वाचून बोलतोय.

पेठेतला:
भांडू नका, स्टेशनचं संपवू द्या. पुण्यात कॅम्पातल्या ओहेल डेव्हिडला लोक काय म्हणतात? लाल देऊळ. 1867 ची लाल विटांची इमारत, डेव्हिड ससूनची समाधी आवारात. रिक्षावाल्याला सिनेगॉग सांगून बघा, येणार नाही. लाल देऊळ म्हटलं की लगेच आणून सोडतो. म्हणजे मुंबईत तीच वस्तू मशीद आणि पुण्यात देऊळ. लोक आपल्याला जवळचा वाटेल तो शब्द देतात. तेव्हा शब्दावरून मालकी ठरत नाही, एवढंच मी पहिल्यापासून म्हणतोय.

जुनेकागद:
तुम्ही पहिल्यापासून ते म्हणत नव्हतात, आत्ता म्हणताय. पण लाल देवळाचं उदाहरण चांगलं आहे, ते मान्य करतो. स्टेशनचं मान्य करत नाही.

शनवार:
लाल देऊळ बगदादी ज्यूंचं, म्हणजे इराककडून आलेल्या ससूनांसारख्यांचं. पुण्यात आमचं रास्ता पेठेतलं, सुक्कथ शेलोमो. हे वेगळं का सांगते, तर बगदादी लोक आम्हाला बराच काळ पुरते ज्यू मानत नव्हते. प्रार्थनेला आमची माणसं मोजायची की नाही यावरसुद्धा वाद. आणि मजकुरात ‘हक्काच्या घरी परत गेले’ असं असतं, त्याचंही सांगते. माझे काका 1950 च्या सुमारास इस्रायलला गेले. तिथे काळे म्हणून हिणवलं. काही कुटुंबांनी आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून धरणं धरलं आणि 1952 मध्ये काही जण खरोखर परत आले. पुढे तिथल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, आमच्या लग्नांवर शंका घेतली, तुमच्या आजीची आजी ज्यू होती याचा पुरावा आणा म्हणाले. 1964 मध्ये क्नेसेटने, म्हणजे तिथल्या संसदेने, आम्ही पूर्ण ज्यू आहोत असं जाहीर केल्यावर ते थांबलं. तेव्हा पुरावा मागणारी माणसं आम्हाला नवी नाहीत. म्हणूनच सावित्रीकाठ यांच्याकडे देशभक्तीचा पुरावा मागितलेला मला ऐकवत नाही.

सडेतोड:
मी पुरावा कुठे मागितला? पण तुलना होणारच. लेफ्टनंट जनरल जेकब यांनी 1971 ला ढाक्यात शरणागतीचा करार घडवून आणला. व्हाइस ॲडमिरल सॅमसन तुमच्यातलेच. इतक्या छोट्या समाजातून इतकं.

सावित्रीकाठ:
आता मी ब्रिगेडियर उस्मान म्हणायचं, नौशेरा, 1948. मग हवालदार अब्दुल हमीद, 1965. मग तुम्ही दुसरं नाव काढणार. मी हा खेळ शाळेपासून खेळतोय. वर्गात बाकी कुणाला आपल्या जातीचे हुतात्मे पाठ करावे लागत नव्हते. मला अब्बांनी करून घेतले होते, लागले तर असावेत म्हणून. यापुढे मी यादी देणार नाही. मी कर भरतो, मला फ्लॅट हवा आहे, एवढं पुरे नाही का?

मोजपट्टी:
यादीवरून आठवलं. मुसलमानांच्या परिस्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने 2006 मध्ये मांडलं तेव्हा मुसलमान लोकसंख्येच्या 13.4 टक्के होते आणि आयएएसमध्ये तीन टक्के, आयपीएसमध्ये चार. ‘मिसळत नाहीत’ म्हणताना हेही बघावं. मिसळायला दार उघडं लागतं.

सडेतोड:
दार शिक्षणाने उघडतं. ते कुणी अडवलं नव्हतं. आणि मघापासून सगळा समाजच निष्पाप असल्यासारखं चाललंय. सावित्रीकाठ, एक सरळ विचारतो, सरळ उत्तर द्या. तुमच्या घरात, तुमच्या लग्नकार्यात ज्यूंबद्दल काय बोललं जातं? ताईंच्या समोर सांगा.

सावित्रीकाठ:
सांगतो. वाईट बोललं जातं. काहीही बिघडलं की ‘यहुद्यांची चाल’. साथ आली, चाल. भाव वाढले, चाल. माझ्या चाचाने भर जेवणावळीत हिटलरबद्दल असं काही म्हटलं होतं की मला घास गिळवेना, आणि मी तेव्हा काही बोललो नाही. गप्प बसलो याचीच मला जास्त खंत आहे. त्या चाचाने आयुष्यात एकही ज्यू पाहिलेला नाही. पॅलेस्टाइनमध्ये मुलं मरतात त्याचा संताप मलाही आहे आणि तो मी सोडणार नाही. पण इस्रायलच्या सरकारवरचा राग ठाण्यातल्या बाईवर काढणं हे हराम आहे, आणि हे मी आता घरात म्हणतो. ताई, माफी मागतो. चाचाच्या वतीनेही.

शनवार:
तुमची माफी मला नको आहे, तुम्ही बोललात तेच पुष्कळ. पण ‘ठाण्यातल्या बाईवर’ असं म्हणून मला वेगळं काढू नका. माझी बहीण तिकडे आहे, तिचा मुलगा तिकडच्या सैन्यात आहे. रात्री फोन वाजला की माझा हात थरथरतो. मुलं मरतात ते मलाही बघवत नाही. दोन्ही एकाच वेळी होतं.

आणि हिटलरचं म्हणाल तर तो फक्त यांच्या चाचांचा नाही. कडक मास्तर असला की ‘आमचा हिटलर’, आणि ते कौतुकाने. फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी. ‘देशाला असाच माणूस हवा’ असं मला माझ्याच कार्यालयात ऐकवणारा मुसलमान नव्हता. त्याच माणसाच्या मोबाइलवर इस्रायलचा झेंडा होता. त्याला दोन्हींत विसंगती दिसत नव्हती, कारण त्याला आमच्याशी देणंघेणं नव्हतंच. त्याला फक्त कुणीतरी कुणाला तरी ठोकणारा आवडत होता.

मोजपट्टी:
आणखी एक. भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ससूनांची शाळा आहे, तिथे आज बहुतेक मुलं मुसलमान. कलकत्त्यात सिनेगॉगची देखभाल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कुटुंबं करतात. दिवे लावणं, झाडलोट, किल्ल्या, सगळं त्यांच्याकडे.

पेठेतला:
नोकरी म्हणून करतात. त्यातून फार मोठा अर्थ काढू नये.

शनवार:
नोकरी म्हणून करतात हे खरं. पण किल्ली कुणाकडे ठेवायची हे माणूस विचार करून ठरवतो. आमच्या गावच्या मशिदीत आता वर्षाचे तीन-चार दिवसच प्रार्थना होते. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला, दहा पुरुष लागतात, दहा भरले नाहीत तर प्रार्थना पुरी होत नाही. मग ठाण्याहून, पनवेलहून गाड्या करून माणसं न्यायची. बाकी वर्षभर किल्ली शेजारच्या घरात असते. ते घर कुणाचं ते मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की लगेच कुणीतरी ते आपल्या मुद्द्याला जोडेल.

जुनेकागद:
मी जोडणार नाही. मला फक्त त्या गावात जुन्या कागदांत मशीद शब्द आहे का ते बघायचं आहे, लग्नपत्रिका, पावत्या, काहीही. पेठेतला यांना दाखवायला.

पेठेतला:
अलिबागच्या पावतीवरून मुंबईचं स्टेशन सिद्ध होत नाही!

सडेतोड:
माझं शेवटचं. खाडीकाठ यांनी माझ्यावर जो आरोप केला तो मी विसरणार नाही. सगळे दोष एकाच बाजूला असल्यासारखं लिहिणं मला पटत नाही, पटणार नाही. सावित्रीकाठ यांनी चाचाचं सांगितलं, तेवढं धाडस इथे फार जणांना जमलं नसतं, हे मात्र म्हणतो. आमच्या सोसायटीच्या कमिटीवर मी आहे. तसा लेखी ठराव आमच्याकडे नाही. पण तीन वर्षांपूर्वी एका कुटुंबाला ‘जागा गेली’ सांगितलं गेलं, जागा गेली नव्हती, आणि मला ते माहीत होतं. येत्या सभेत मी ते काढीन. काय होईल त्याची खात्री देत नाही. आणि तो मजकूर आता पुढे पाठवणार नाही. चुकीचा आहे म्हणून नाही. ताईंना नको आहे म्हणून.

सावित्रीकाठ:
चुकीचा आहे म्हणूनही चालेल.

सडेतोड:
एवढ्यावर थांबा.

शनवार:
खाडीकाठ, केव्हापासून विचारायचं राहून गेलंय. इस्रायल आळीतल्या त्या आजी अश्दोदला कोणत्या साली गेल्या? माझ्या आईची एक मावशी त्या आळीत होती आणि मुलाकडे अश्दोदलाच गेली. नाव इथे लिहू नका. घराची काही खूण आठवते का?

खाडीकाठ:
1981. घर कोपऱ्यावरचं, पुढे ओटा, मागे विहीर. दाराच्या उजव्या चौकटीवर एक बोटभर पितळी नळी तिरकी ठोकलेली होती, आजी येताजाता तिला बोटं लावून ओठांना लावायच्या. जाताना त्यांनी ती काढून नेली. चौकटीला निळा रंग होता आणि नळीच्या जागी खालचं कोरं लाकूड दिसायचं. नव्या मालकाने घर पाडलं तेव्हा ती चौकट जळणात निघाली होती. मी उचलून आणली. आमच्या माळ्यावर आहे. त्यांचं कुणी असेल तर पाठवायची व्यवस्था करतो.

शनवार:
पाठवू नका. मी येते आईला घेऊन. शनिवार सोडून कुठलाही वार सांगा.